मिरकरवाड्याला जाताय? ‘ताजी आहे का’ एवढंच विचारू नका

प्रश्न थोडक्यात असा: नोव्हेंबरात दोन दिवस चौघं जण गाडीने पुण्याहून रत्नागिरीला येणार, मिरकरवाडा बंदरावरचा लिलाव बघणार, मनसोक्त मासे खाणार आणि परतताना पाच-सहा किलो मासळी घरी नेणार. कधी जावं, कुठून घ्यावी, फसगत कशी टाळावी आणि एवढ्या प्रवासात मासळी टिकते का?

आधी एक गैरसमज दूर करू. बंदरावर मिळते म्हणजे मासळी ताजीच, असं नसतं. मोठा ट्रॉलर पाच-सहा दिवस, कधी त्याहून जास्त दिवस समुद्रात राहतो. पहिल्या दिवशी जाळ्यात आलेली मासळी बोटीच्या खणात सगळ्यात खाली, बर्फात दबून पडलेली असते. ती तुमच्या डोळ्यांदेखत धक्क्यावर उतरली तरी आठवड्याची असू शकते. उलट रात्री जाऊन सकाळी परतलेल्या लहान होडीतले दहा-बारा बांगडे बारा तासांचेही नसतात. दोन्ही एकाच धक्क्यावर, शेजारी-शेजारी विकले जातात. म्हणून ‘ताजी आहे का?’ हा प्रश्न वाया जातो, त्याला जगात कुठेही ‘हो’ हेच उत्तर मिळतं. विचारायचं ते असं: ‘कुठल्या बोटीची? ट्रॉलरची का होडीची? कधी गेली होती?’ हा प्रश्न ऐकल्यावर विकणारीचा सूर बदलतो आणि बहुतेक वेळा माशांची पाटीही बदलते.

होडीची मासळी चांगली आणि ट्रॉलरची वाईट, असंही सरसकट नाही. चांगल्या बर्फात नीट ठेवलेलं पापलेट आठवडाभरानेही खायला उत्तम असतं. तेलकट तारली मात्र तीन-चार दिवसांत उतरते, बांगडा तिच्यापेक्षा थोडा जास्त तग धरतो. म्हणजे ट्रॉलरवरून पापलेट, सुरमई, हलवा घ्यायला हरकत नाही. बांगडा, तारली, मांदेली, सौंदाळे, बोंबील एका दिवसात जाऊन आलेल्या बोटीचेच घ्या. पर्ससीनच्या, म्हणजे माशांच्या थव्याला गोल वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, बोटी बहुधा एकाच दिवसाच्या फेरीत भरभरून बांगडा-तारली आणतात. राज्याच्या हद्दीत, म्हणजे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, त्यांना २०१६च्या आदेशानुसार १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा आहे. तुमचा नोव्हेंबर बरोबर त्या काळात येतो, त्यामुळे बांगड्याबाबत तुम्ही नशीबवान आहात. एक सूचना मात्र ध्यानात ठेवा. पर्ससीन आणि एलईडी दिव्यांची मासेमारी हा पारंपरिक मच्छीमार आणि मोठे बोटमालक यांच्यातला जुना, धुमसता वाद आहे. धक्क्यावर उभं राहून त्यावर मत देऊ नका. दोन्हीकडची माणसं तिथेच असतात.

कधी जायचं

यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची पावसाळी बंदी असते. त्या काळात बंदरात शाकारलेल्या बोटी आणि विणायला काढलेली जाळी एवढंच दिसतं. तेव्हा शहरात मासळी मिळते, पण ती शीतगृहातली, खाडीतली किंवा बाहेरून आलेली. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते. म्हणून जूनच्या उत्तरार्धात तिकडची मासळी ट्रकने इकडे येते आणि ‘रत्नागिरीची ताजी’ म्हणून खपते. जून-जुलैत आलातच तर चिंबोऱ्या (खेकडे), तिसऱ्या (शिंपल्या), कालवं आणि खाडीतले मासे खा. ते तरी इथलेच असतात.

ऑगस्टात बंदी उठली तरी दर्या खवळलेला असतो. पहिले काही दिवस बऱ्याच बोटी नांगरूनच असतात, कित्येक जण नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावरच बाहेर पडतात. सुरुवातीच्या फेऱ्यांत कोळंबी आणि म्हाकुळ (स्क्विड) चांगलं येतं. त्याच सुमारास श्रावण असल्यामुळे गिऱ्हाईक कमी, म्हणून कोळंबीप्रेमींसाठी हा स्वस्ताईचा काळ. सप्टेंबर ते जानेवारी हा खरा भर. फेब्रुवारीनंतर आवक घटते, ऊन वाढतं, बर्फ लवकर वितळतो आणि भाव चढतात. आंबे खायला एप्रिल-मेमध्ये येणारे ‘मासेही खाऊ’ म्हणतात, तेव्हा त्यांना निम्मी गंमतच मिळते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकच धोका असतो, वादळाचा. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की बंदरावर धोक्याचा बावटा चढतो आणि बोटी माघारी येतात. २०१९च्या ऑक्टोबरात क्यार चक्रीवादळाच्या वेळी हेच झालं. अशा वेळी बंदर बोटींनी गच्च भरलेलं, फोटोला झकास, पण नवी मासळी शून्य. निघण्याच्या आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा जरूर बघा. ‘समुद्रात जाऊ नये’ असं असेल तर सहल रद्द करू नका, खरेदीचा बेत तेवढा रद्द करा.

आता वार. बुधवार, शुक्रवार, रविवार हे आपल्याकडचे मासे खायचे वार, त्या दिवशी भाव चढे. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार या दिवशी स्थानिक गिऱ्हाईक कमी असतं, म्हणून बंदरावर घासाघीस जमते. खाणावळीचं गणित मात्र उलटं आहे. उपासाच्या वारी तिथे ताट कमी उठतात आणि कालचं आज वाढलं जाण्याची शक्यता जास्त. थोडक्यात, बुधवारी बाहेर जेवा, गुरुवारी विकत घ्या. मिरकरवाडा ही मुख्यतः मुस्लिम मच्छीमारांची वस्ती आहे, त्यामुळे शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी आणि ईदच्या दिवसांत बंदर शांत असतं, हेही धरून चाला.

वेळेबद्दल सरधोपट उत्तर द्यायचं तर पहाटेपासून साधारण नऊपर्यंत आणि पुन्हा दुपारी साडेतीन-चारपासून दिवे लागेपर्यंत. अकरा ते तीनमध्ये गेलात तर धुतलेला धक्का, झोपलेली मांजरं आणि बर्फाचे तुकडे दिसतील. यापेक्षा नेमकं हवं असेल तर भरती-ओहोटी बघायला हवी. मिरकरवाड्याचं जुनं दुखणं म्हणजे गाळ. बंदराच्या तोंडाशी तो साचतो आणि ओहोटीला मोठ्या बोटींच्या तळाला लागतो. म्हणून मोठी बोट शक्यतो पाणी चढल्यावरच आत येते. भरतीची वेळ काढायचा घरगुती हिशेब सोपा आहे: पंधरवड्यातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, या सुमाराला पूर्ण भरती. दिवसातून दोनदा येत असल्यामुळे सकाळी तीन तशीच दुपारी तीन. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, पण बेत ठरवायला तो पुरेसा आहे. अष्टमी ते दशमीच्या सकाळी सहा-साडेसातच्या दरम्यान पाणी भरलेलं असतं आणि पहाटेच्या बोटींनाही तीच वेळ सोयीची, त्यामुळे बघणाऱ्यासाठी या तिथी उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला उधाणाची ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला लागते. तेव्हा पहाटे उठून जाल आणि चिखलात टेकलेल्या बोटी बघत बसाल.

तिथीचा आणखी एक परिणाम होतो. चांदण्या रात्री जाळं माशाला दिसतं, असं मच्छीमार मानतात आणि काळोख्या पंधरवड्यात त्यांना जास्त अपेक्षा असते. सहल पुढेमागे करता येत असेल तर वद्य पक्ष निवडा.

बंदरावर पोचल्यावर

रेल्वे स्टेशन शहराबाहेर पाच-सहा किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गाच्या दिशेला आहे. बंदर त्याच्या बरोबर विरुद्ध, पश्चिम टोकाला, रत्नदुर्ग किल्ल्याच्या पायथ्याशी. गाडी थेट धक्क्यावर नेऊ नका. मासळीचे ट्रक, बर्फाच्या गाड्या आणि टेम्पो यांना वळायलाच जागा नसते, त्यात तुमची गाडी अडकली की सगळ्यांचा खोळंबा. वस्तीच्या अलीकडे लावून चालत जा. जुनी छायाचित्रं आणि जुने नकाशे बघून आलात तर थोडा गोंधळ होईल, कारण २०२५च्या जानेवारीत बंदराच्या जागेवरची अनधिकृत बांधकामं मोठ्या प्रमाणावर हटवली गेली.

पायात रबरी तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल हवी. माशाचा चिकट ओलावा, डिझेल आणि वितळता बर्फ यांचं मिश्रण साबणापेक्षा निसरडं होतं. ताणलेल्या दोरावरून उडी मारू नका, बोट हलली की तो सटकन उचलला जातो. वाळत घातलेल्या जाळ्यांवर पाय देऊ नका. पाटी डोक्यावर घेतलेल्या माणसाला खालचं दिसत नसतं, त्यामुळे बाजूला तुम्हीच व्हायचं. बोटीवर चढायचा मोह झाला तर आधी तांडेलाला, म्हणजे बोटीच्या प्रमुखाला, विचारा. खलाशांचा फोटोही विचारूनच घ्या. त्यांच्यात नेपाळहून आलेले बरेच असतात, त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं. ड्रोन उडवू नका. किनारा सुरक्षेच्या दृष्टीने नाजूक आहे, तटरक्षक दल शहरातच आहे. चहा-नाश्ता आणि बाकीचे विधी आधी उरकून जा, धक्क्यावर पाहुण्यांची सोय नाही.

लिलाव बघताना एक गोष्ट समजून घ्या: तो तुमच्यासाठी नाही. पाटी किंवा क्रेट एकगठ्ठा बोलली जाते. बोली लावणारे व्यापारी, निर्यात कंपन्यांचे खरेदीदार आणि बाजारात बसणाऱ्या मासेविक्रेत्या असतात. मोठं पापलेट, मोठी कोळंबी आणि म्हाकुळ यांतला वरचा माल बहुतेक परस्पर कंपनीच्या गाडीत जातो. ‘बंदरावर एवढं मोठं पापलेट दिसलंच नाही’ ही तक्रार त्यामुळेच. मध्ये उभं राहून हात वर करणं, भाव विचारणं टाळा, हात वर गेला तर ती बोली समजली जाऊ शकते. दहा मिनिटं बाजूला उभं राहून नुसता कान द्या. आज कशाची आवक जास्त, कशाची कमी, हे कळतं आणि पुढच्या घासाघिशीत तेच कामाला येतं.

खरेदी करायची ती लिलावातून माल घेऊन लगेच बाजूला बसणाऱ्या बायकांकडून. तिथे वजनाने, नगाने किंवा वाट्याने मिळतं. वाटा म्हणजे ढीग. वाटा घेताना वरचे चार मासे बघून हो म्हणू नका, ढीग हाताने पसरायला सांगा. मावशी पहिला भाव सांगतील, त्यावर निम्म्याने मागणं हा पोरकटपणा आहे. दोन-तीन ठिकाणी विचारून मग बोला, आणि दोन-तीन प्रकार एकाच मावशींकडून घेतले तर त्या आपणहून मूठभर वाढवतात. साफ करून देण्याचे पैसे वेगळे का त्यातच, हे आधीच ठरवून घ्या.

बंदराशिवायही पर्याय आहेत. भाट्याच्या खाडीकाठी राजिवडा आहे, उत्तरेला साखरतर आहे. तिथे लहान होड्या जास्त, प्रकार कमी, पण माल त्या दिवसाचा. देखावा बघायचा असेल तर मिरकरवाडा, आणि चार जणांपुरतं घ्यायचं असेल तर खाडीकाठ, असं साधं गणित मांडता येईल. बंदराचं सगळ्यात सुंदर दृश्य मात्र धक्क्यावरून दिसतच नाही. ते रत्नदुर्गाच्या बाजूने, भगवती बंदराच्या उंचीवरून दिसतं: रंगीत बोटींची रांग, गाळाने पिवळसर झालेलं तोंड आणि पलीकडे मिऱ्याचा डोंगर. संध्याकाळी तिथे जा.

ज्यांना मासे नावाने ओळखता येत नाहीत त्यांनी आदल्या दिवशी कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रातलं मत्स्यालय आणि संग्रहालय बघून घ्यावं, ते पेठकिल्ला भागातच आहे. नावांचा घोळ कोकणात फार आहे. सुरमईला दक्षिणेकडे इसवण म्हणतात, तारलीला पेडवे, मुशीला मोरी, आणि नगलीला मुडदुशी. नाव कळलं नाही तर लाजू नका, मासा उचलून दाखवायला सांगा.

हातात घेऊन बघताना

एकच खूण धरून बसणं ही सगळ्यात मोठी चूक. कल्ले लाल म्हणजे ताजा, एवढंच बहुतेकांना माहीत असतं. पण बर्फाच्या पाण्यात राहिलेल्या चांगल्या माशाचेही कल्ले फिके पडतात, आणि शिळ्या माशाचे कधीकधी लालसर राहतात. तीन गोष्टी एकत्र बघा. डोळा फुगीर आणि बुबुळ काळंभोर हवं, खोल गेलेला दुधाळ डोळा नको. पोटावर बोट दाबून सोडलं की खळगा भरून यायला हवा. आणि नाकाजवळ नेल्यावर समुद्राचा वास यावा, अमोनियासारखा उग्र नको. शिळा मासा आधी पोटाकडून जातो, म्हणून पोट फुटलेला बांगडा कितीही स्वस्त असला तरी सोडा.

बांगडा शेपटीकडून आडवा धरला तर ताजा असताना बऱ्यापैकी सरळ राहतो, शिळा लोंबतो. पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा चकचकीत हव्यात. पापलेट डोक्याजवळ, कल्ल्याच्या फटीपाशी दाबून बघायची जुनी रीत आहे: पांढरट पाणी आलं तर चांगलं, लालसर आलं तर जुनं. ती कामाची आहे, पण डोळा आणि पोट बघितल्यावरच. बोंबील चकचकीत, तोंडाकडे गुलाबीसर आणि उचलल्यावर न तुटणारा हवा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट असावं. डोक्यापाशी काळे डाग पडू लागले असतील तर ती दोन-तीन दिवसांची. म्हाकुळावर तपकिरी ठिपके स्पष्ट असतात. ते पुसट होऊन अंग गुलाबी दिसू लागलं की समजायचं. सुरमईची कापून ठेवलेली तुकडी घेऊ नका, अख्ख्या माशातून डोळ्यांसमोर कापून घ्या. तुकडी गर्द लाल दिसली तर तो कुपा (ट्यूना) असण्याची शक्यता आहे. कुपा वाईट नाही, पण सुरमईच्या भावात नको.

चिंबोरी हातात घेतल्यावर आकारापेक्षा जड लागली पाहिजे. हलकी म्हणजे नुकतीच कात टाकलेली, आत पाणी. पोटाखालची झडप अरुंद त्रिकोणी असेल तर नर, रुंद गोल असेल तर मादी. मांस हवं तर नर, लाख, म्हणजे अंडी, हवी तर मादी. मेलेली चिंबोरी कोणत्याही भावात घेऊ नका. तिसऱ्या बंद असाव्यात, उघडी असलेली टिचकी मारल्यावर मिटली पाहिजे.

फार लहान मासे घेऊ नका. २०२३मध्ये राज्याने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिले आहेत: पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. तळहाताएवढं पापलेट ‘कोवळं’ म्हणून देतात, पण ते एकदाही वीण न झालेलं पिल्लू असतं, आणि पापलेट हा २०२३पासून राज्यमासा आहे! खायलाही त्यात काट्यांशिवाय काही नसतं.

किती घ्यायचं याचा अंदाज हमखास चुकतो, कारण वजन साफ करण्याआधीचं असतं. डोक्यासकट कोळंबी सोलल्यावर निम्म्याहून थोडी कमी उरते, चिंबोरीतून पंचवीस ते तीस टक्के मांस, तिसऱ्यांतून जेमतेम आठवा हिस्सा. बांगडा डोकं-पोट काढून साधारण पासष्ट टक्के, सुरमई ऐंशीच्या आसपास. चौघांच्या एका जेवणाला दीड किलो अख्खा बांगडा किंवा एक किलो सुरमई पुरते.

बाहेर जेवताना

खाणावळीत कार्ड बघून ठरवण्याआधी ‘आज काय आलंय?’ विचारा. पर्यटक पापलेट आणि सुरमईच मागतात, त्यामुळे तेच फ्रीजरमध्ये साठवलेलं असतं. बांगडा, सौंदाळे, मांदेली, मुडदुशी यांना साठवण्याइतका भाव नसतो, म्हणून ते बहुधा त्या दिवसाचेच. शक्य तिथे अख्खा मासा आधी दाखवायला सांगा, चांगल्या ठिकाणी त्यात कमीपणा मानत नाहीत. मसाल्याचा जाड थर आणि बोटभर रवा असलेली तुकडी संशयास्पद. ताज्या माशाला हळद, मीठ, तिखट, कोकमाचं आगळ आणि तांदळाच्या पिठाचा हलका हात पुरतो. साडेबारा ते दोन ही वेळ गाठा. बांगड्याचं तिखलं तिरफळ घालून केलेलं मिळालं तर ते आधी घ्या, पापलेट तुम्हाला कुठेही मिळेल.

एक इशारा गंभीरपणे घ्या. बांगडा, तारली, सुरमई, कुपा उन्हात किंवा बर्फाविना काही तास राहिले तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. ते शिजवल्याने किंवा तळल्याने जात नाही. घास घेताच जीभ मिरीसारखी चुरचुरली तर ताट बाजूला करा. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर चकंदळं उठणं ही त्याचीच लक्षणं. श्वास लागला तर थेट दवाखाना गाठा.

घरी नेताना

पुण्याला आंबा घाट, कोल्हापूरमार्गे जाताना थांबे धरून आठ तास लागतात असं मानू. मासळी निघायच्या दिवशी सकाळी घ्या, आदल्या संध्याकाळी नाही. बर्फाचा हिशेब असा: तीस अंशांवरची पाच किलो मासळी शून्यावर आणायलाच दीड किलोपेक्षा थोडा जास्त बर्फ खर्च होतो. एक इंच जाडीच्या मध्यम थर्माकोल पेटीत बाहेरच्या उष्णतेने तासाला आणखी तीन-चारशे ग्रॅम वितळतो, आठ तासांत तीन किलो. दोन्ही मिळून साडेचार किलोच्या वर. म्हणून पाच किलो मासळीला किमान पाच किलो बर्फ, आणि पेटी तापलेल्या डिकीत ठेवणार असाल तर सात. ‘थोडा बर्फ टाका’ म्हटलं की मावशी दोन किलो टाकतात, आणि कऱ्हाडपर्यंत त्याचं पाणी होतं.

बर्फ लादीचा नको, फोडलेला घ्या. लादी आणि मासा यांच्यामध्ये हवा राहते आणि मासा थंडच होत नाही. पेटीच्या तळाला बर्फ, मग मासळीचा एक थर, पुन्हा बर्फ, असं करत सगळ्यात वर जाड थर. झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि वाटेत कौतुकाने उघडून बघू नका.

मासे पोट आणि कल्ले काढून, पण अख्खे न्या. तुकड्या करून बर्फात टाकल्या की त्यांतला रस आणि चव पाण्याबरोबर जाते. तुकड्या करायच्याच असतील तर जाड पिशवीत घट्ट बांधून बर्फात ठेवा. कोळंबीचं डोकं काढा, साल राहू द्या. काळे डाग डोक्याकडून सुरू होतात आणि सालीमुळे मांस पाण्यापासून वाचतं. चिंबोऱ्या आणि तिसऱ्या बर्फात टाकायच्या नाहीत, त्या जिवंत हव्यात. चिंबोऱ्यांचे आकडे बांधून ओल्या गोणपाटात, हवा लागेल अशा टोपलीत ठेवा. तिसऱ्या ओल्या फडक्यात. साध्या पाण्यात बुडवल्या तर मरतात. घरी पोचल्यावर लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून दोन-तीन तास ठेवल्या की वाळू सोडतात.

एसटी किंवा रेल्वेने जाणाऱ्यांनी पेटीखाली दुहेरी प्लास्टिक आणि आत जुन्या टॉवेलचा थर घालावा. मासळीचं पाणी शेजाऱ्याच्या पिशवीवर ठिबकलं की पुढचे सहा तास कसे जातात, ते वेगळं सांगायला नको.

घरी आल्यावर सगळं एकदम फ्रीजरमध्ये कोंबू नका. घरगुती फ्रीजर एका वेळी दोन-तीन किलोच नीट गोठवतो. जास्त भरलं की आत हळूहळू गोठतं, मोठे स्फटिक होतात आणि नंतर मासा भुसभुशीत लागतो. पहिल्या रात्री तारली किंवा बांगडा आणि चिंबोऱ्या संपवा, दुसऱ्या दिवशी म्हाकुळ आणि तिसऱ्या. कोळंबी सपाट डब्यात, बुडेल एवढं पाणी घालून गोठवा. पापलेट आणि सुरमई पातळ पिशव्यांत, एकेक जेवणापुरती, हवा काढून. पापलेट तीन महिने टिकतं, बांगडा दोन महिन्यांच्या आत संपवा, नाहीतर तेल खवट होतं. पिशवीवर तारीख लिहा. थर्माकोलची पेटी मीठ-पाण्याने धुऊन उन्हात दोन दिवस उघडी ठेवा, झाकण लावून माळ्यावर टाकलीत तर पुढच्या नोव्हेंबरात ती उघडायची कुणाची हिंमत होणार नाही.